मदत हवी आहे: पणजोबांची पदकं कोणत्या बाजूला लावायची?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. माझे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना ज्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, तीच ही. पणजोबांना अर्थात क्रॉस वगैरे नाही, पण इटली स्टारसह चार पदकं आजीने पत्र्याच्या डब्यात जपली होती. यंदा ती माझ्याकडे आली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी इथे युद्धातल्या शहिदांच्या स्मरणाचा कार्यक्रम असतो. तेव्हा ती लावून जायचं मनात आहे. स्वतः मिळवलेली पदकं डाव्या छातीवर आणि वारसांनी लावायची ती उजव्या, एवढं माहीत आहे. पण पॉपीचं, म्हणजे त्या दिवशी स्मरणार्थ लावतात त्या लाल फुलाचं काय? तीही उजवीकडे, की डावीकडेच?

दुसरं म्हणजे इटली स्टारची लाल-पांढरी-हिरवी फीत पार विरली आहे. नवी शिवून घ्यावी का? बायको म्हणते, तशीच राहू दे, त्यांच्या हाताची आहे. मला भीती की गर्दीत पदकच गळून पडायचं.

शिवाय २०१८ मध्ये भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ खादीची पॉपी निघाली होती, ती अजून कुठे मिळते का? नाहीच मिळाली तर सरळ झेंडूचं फूल लावावं म्हणतो. दसऱ्याला शस्त्रांना वाहतो तेच. कुणी असं लावून गेलं आहे का? लोक काय म्हणाले?