परसातली पुस्तकं: तुमच्या झाडांना कुठलं पुस्तक मानवलं?

परवा कपाट आवरायला काढलं तेव्हा मोजदाद झाली. बागकामाची पुस्तकं सात आणि घरामागे जिवंत वांग्याची रोपं तीन.

फोंड्याजवळ आमचं घर. मागे पाचेक गुंठे परसू, उताराचं, तांबड्या मातीचं, दोन हात खणलं की चिरा, म्हणजे जांभा दगड, लागतो. निवृत्त झाल्यापासून मी एकेक पुस्तक आणत गेले, काही मराठी, काही इंग्रजी. प्रत्येक पुस्तक वाचताना वाटायचं, आता जमणार. मग जून यायचा आणि पुस्तकातली वाक्यं वाफ्यांसकट वाहून जायची.

म्हणून हा धागा. तुम्ही कुठलं पुस्तक वाचून काय लावलं आणि ते जगलं का, हे सांगा. पुस्तक जिथे फसलं तेही लिहा, मला त्यातच जास्त रस आहे. नुसती नावांची यादी नको, ती दुकानदारही देतो.

म्हापशाहून

मी सुरुवात करतो, कारण माझी फजिती सगळ्यात स्वस्तातली आहे.

आमच्याच गावात अदर इंडिया प्रेसनं छापलेलं, जपानी शेतकरी फुकुओकांचं ‘वन स्ट्रॉ रेव्होल्यूशन’ मी कॉलेजात असताना घेतलं. मूळ जपानी पुस्तक 1975 चं. नांगरायचं नाही, खत नाही, निंदणी नाही. मला तर ते आळशी माणसासाठीच लिहिल्यासारखं वाटलं. त्यातले ते मातीत बिया घोळवून केलेले गोळे, ते मी दोनशे केले. चवळी, भेंडी, तांबडी भाजी, सगळं एकत्र. आषाढात मागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, फेकले. पहिल्याच रात्री जो पाऊस आला, सकाळी गोळ्यांच्या जागी तांबडे डाग. आठवड्यानं शेजाऱ्यांच्या गटाराकाठी माझी भेंडी उगवली.

दहा वर्षांनी तेच पुस्तक परत वाचलं. त्या गृहस्थांनी सुरुवातीला वडिलांची संत्र्याची झाडं ‘निसर्गावर’ सोडून दिली आणि ती मेली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. काही न करणं आणि टाकून देणं यात फरक आहे, असं त्यांचं म्हणणं. ते पान मी पहिल्या खेपेला घाईत उलटलं होतं. आता मी एवढंच घेतलंय: झाडाखालचा पाचोळा जाळत नाही आणि माती उघडी ठेवत नाही. नारळाच्या अळ्यात चुडतं पसरतो. एप्रिलात दिवसाआड पाणी लागायचं, आता चौथ्या दिवशी घालतो.

सुरुवात याच पुस्तकानं करू नका एवढंच सांगेन.

पेडण्याहून

ताई, तुमच्या सात पुस्तकांत दापोलीची कृषी दैनंदिनी आहे का? नसेल तर बाकीची सहा बाजूला ठेवा.

देशावरची मराठी पुस्तकं वाईट नसतात, पण ती काळ्या मातीची आहेत. तिथे जमीन चोपण होते, क्षार वर येतात, म्हणून ते जिप्सम सांगतात. आपली माती आंबट. आपल्याला लागतो चुना. पाणी जिरावं म्हणून ते खोल सपाट वाफे सांगतात, आपल्याकडे जुलैत त्याची तळी होतात. इथे वीतभर उंच गादीवाफेच हवेत. मी पहिली तीन वर्षं हे उलटं करत होतो, पुस्तकाबरहुकूम!

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 चं. त्यांची दैनंदिनी दर वर्षी निघते. माती आपलीच, पाऊसही जवळजवळ आपलाच. वाणं त्यांनी याच हवेत काढलेली आहेत. कोकण सदाबहार चवळी, कोकण हरिता दोडका, कोकण दुरंगी माठ हे तिन्ही माझ्याकडे दर वर्षी असतात. सदाबहार नावाप्रमाणे कधीही पेरा, रुसत नाही.

अडचण एकच. सगळे आकडे हेक्टरी दिलेले. त्यावर माझा तोडगा: हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. म्हणून हेक्टरी 20 टन शेणखत लिहिलं असेल तर चौरस मीटरला 2 किलो. हेक्टरी 100 किलो लिहिलं तर 10 ग्रॅम. हे पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा, मग दैनंदिनी परसाची होते.

फोंड्याहून (धागाकर्ती)

दैनंदिनी नाहीये. आणि जिप्सम मी घातलंय. दोन पिशव्या. पुढे बोला.

मडगावहून

आमच्याकडे गोपालस्वामी अय्यंगारांचा ‘कम्प्लीट गार्डनिंग इन इंडिया’ हा जाडजूड ग्रंथ आहे, बाबांचा. बाबा बँकेत होते, बदलीवर बेंगळुरूला चार वर्षं काढली आणि येताना हे पुस्तक आणि गुलाबांचं वेड दोन्ही घेऊन आले. पुस्तकही बेंगळुरूचंच. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं शहर, कोरडी गार हवा. तिथला गुलाब मडगावच्या पावसात काय करणार? पानांवर काळे ठिपके, मग पानगळ, मग नुसते काटे. बाबा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे छाटत राहिले. दर वर्षी नवी कलमं यायची आणि श्रावणापर्यंत आटपायची. आईनं त्याला ‘गुलाबांचं श्राद्ध’ असं नाव ठेवलं होतं.

बाबा गेले तेव्हा पुस्तक माझ्याकडे आलं. उघडलं तर समासात सगळीकडे त्यांचं बारीक अक्षर. गुलाबाच्या प्रकरणात ओळीओळीला ‘हांगा जायना’, म्हणजे इथे होत नाही. स्वीट पीसमोर ‘हांगा जायना’, खाली दोन रेघा. पण क्रोटन, कर्दळ आणि फर्नच्या पानांवर तारखा घातलेल्या, कुठल्या कोपऱ्यात लावलं, किती ऊन येतं, कधी कुंडी बदलली. त्यातली तीन क्रोटनं अजून आहेत.

ग्रंथ आजही घेण्यासारखा आहे, विशेषतः कलमं बांधण्याचा भाग. तो कुठल्याही हवेत चालतो. पण मला विचाराल तर बाबांच्या समासातलं पुस्तक छापील पुस्तकापेक्षा बरं आहे, आणि ते बाजारात मिळत नाही.

साखळीहून

नॅशनल बुक ट्रस्टची 1967 ची दोन छोटी पुस्तकं, भाज्यांवरचं बी. चौधरींचं आणि फुलझाडांवरचं विष्णू स्वरूप यांचं. स्वस्त, सुटसुटीत, एका रविवारी वाचून होतात. दोघेही दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतले, त्यामुळे हिवाळा दिल्लीचा.

मी फ्लॉवर लावला, उशिराच्या जातीचा, कारण पाकिटावर चित्र छान होतं. गड्डा धरायला तिला जी थंडी लागते ती साखळीत येतच नाही. पानं मात्र हत्तीच्या कानाएवढी. चण्याची डाळ घालून पानांचीच भाजी केली, चार वेळा. लवकरची जात घ्यायची हे त्याच पुस्तकात लिहिलेलं होतं. वाचूनही चित्रालाच भुलले.

पणजीहून

आमच्याकडे परसू नाही, तिसऱ्या मजल्यावरची गच्ची आहे, त्यामुळे माझा प्रश्न मातीचा नाही, वजनाचा. सोसायटीतल्या लोकांना पहिल्याच कुंडीला स्लॅब कोसळताना दिसू लागला.

श्री. अ. दाभोलकरांच्या ‘विपुलाच सृष्टी’नं मला मार्ग दाखवला. दाभोलकर कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक, प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या ‘प्रयोग परिवार’वाले. वाचायला सोपं पुस्तक नाही, मध्येच हिशेब, मध्येच तत्त्वज्ञान. मी दोनदा सोडून दिलं. पण मुद्दा डोक्यात बसला की बसतो: पीक मातीतून येत नाही, उन्हातून येतं, तुमच्याकडे हिरवं पान किती आणि त्यावर ऊन किती ते बघा. त्यानंतर मी गच्चीकडे जमीन म्हणून बघणं सोडलं आणि ऊन म्हणून बघायला लागलो. सकाळी आठपासून तासातासानं सावली कुठे जाते ते खडूनं आखलं. टाकीच्या मागची जागा, जिथे मी सगळ्या कुंड्या सोयीसाठी ठेवल्या होत्या, तिथे डिसेंबरात जेमतेम दोन तास ऊन होतं!

आता अर्धे ड्रम. तळाला नारळाची सोडणं, वर वाळका पाला नि स्वयंपाकघरातला ओला कचरा, सगळ्यात वर चार बोटं माती. उचलायला हलकं. सोडणं ताजी घालू नका, एक पावसाळा बाहेर भिजू द्या, त्यांचा तांबडा रस निघून गेला पाहिजे. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, मेलेल्या मिरच्यांनी सांगितलं.

डिचोलीहून

फोंड्याच्या ताई, सगळे पुस्तकांवर बोलतायत, पण तुमची वांगी कशी मेली ते कोणी विचारलं नाही. रोप हिरवंगार असतानाच मान टाकतं का? दुपारी पडतं, पहिले एकदोन दिवस रात्री सावरतं आणि मग कायमचं जातं? पानं पिवळी न पडता?

असं असेल तर ती जिवाणूजन्य मर. आपल्या किनारपट्टीच्या आंबट, ओल्या, गरम मातीतलं हे जुनं दुखणं. बहुतेक घरगुती पुस्तकांत मर म्हणजे बुरशी असं धरून चालतात आणि तांब्याचं औषध ओतायला सांगतात. बुरशीच्या मरीचं ते ठीक, या मरीला त्यानं काही होत नाही. मी दोन हंगाम निळं पाणी ओतलंय.

ओळखायची रीत सोपी. मेलेल्या रोपाचा बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात वरून धरून ठेवा, हलवू नका. जिवाणू असतील तर थोड्या मिनिटांत कापाच्या तोंडातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरतो.

मला हे कुठल्याही पुस्तकानं नाही सांगितलं. एला, जुने गोवे इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे माती तपासायला गेलो होतो, त्यांच्या एका चार पानी पत्रकातून कळलं. तेव्हापासून माझं मत असं की गोव्यातल्या माणसानं आधी अशी पत्रकं गोळा करावीत आणि मग पुस्तकं विकत घ्यावीत. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयातही काहीबाही मिळतं, मागितलं तर.

उपाय म्हणाल तर: त्या वाफ्यात काही वर्षं वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा यांतलं काहीही नको, सगळी एकाच कुळातली. तिथे मका घ्या किंवा अळसांदे (आपली गोव्याची चवळी). उतार असेल तर वरच्या वाफ्याचं पाणी खालच्यात जाऊ देऊ नका, रोग पाण्याबरोबर उतरतो. खुरपंही धुऊन घ्या. लागवडीच्या दोनतीन आठवडे आधी चुना मिसळा, पण शेणखताबरोबर एकाच दिवशी नको, खतातला नत्र उडून जातो. आणि वांगं हवंच असेल तर रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेलं रोप आणा. त्याची मुळं या मरीला दाद देत नाहीत. आगशीच्या वांग्याच्या फोडी खायच्या असतील तर मात्र ती आगशीकरांकडूनच घ्यावी, असं मी मनाशी ठरवून टाकलंय.

कुंभारजुव्याहून

विषयांतराचा दोष पत्करून लिहितो. मी शिक्षक होतो, सवय जात नाही.

आपण ‘गोव्यासाठी पुस्तक नाही’ म्हणतो. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. स्वतः ओर्ता आणि रुआनो नावाचं एक काल्पनिक पात्र, दोघांच्या प्रश्नोत्तरांतून तो उलगडतो. आणि ‘होर्तुस मलबारिकुस’चे बारा खंड, 1678 ते 1693, छापले आम्स्टरडॅमला, पण त्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांची 1675 ची साक्ष आहे, नागरी लिपीतली. चित्रांवर झाडांची नावंही नागरीत कोरलेली. पणजीत पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक अख्खी दुपार घालवा.

फोंड्याहून (धागाकर्ती)

सर, माझी तीन वांगी मरायला टेकलीत आणि तुम्ही मला सतराव्या शतकात नेताय! पण जाईन.

काणकोणहून

आमच्या घरी बागेचं पुस्तक नाही. सासूबाई कालनिर्णयवर लिहितात.

खोल्याची मिरची आमची, डोंगराच्या उतारावर लावतो, पावसाच्या तोंडावर. मी लग्न होऊन आले तेव्हा एका पुस्तकात वाचलं होतं की मिरचीला भर पावसात लावू नये, मुळं कुजतात. सासूबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘ज्यानं लिहिलंय तो सपाटीवर राहत असणार.’ उतारावर पाणी थांबतच नाही. पुस्तक चूक नव्हतं, माझी जागा वेगळी होती.

त्या रोहिणी, मृग बघतात, पण त्यावर विसंबत नाहीत. चौकोनात लिहितात: ‘पहिली उगवण’, ‘गोगलगायी आल्या’, ‘मोरांनी अळसांदे खाल्ले’, ‘माटोळीला कांगलां मिळाली’ (माटोळी म्हणजे चवथीला गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट, कांगलां ही त्यातली रानफळं). जुनी कॅलेंडरं खिळ्याला एकावर एक टांगलेली, अकरा वर्षांची. गोगलगायींचा दिवस आला की आदल्या रात्रीपासून आम्ही टॉर्च आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन तयार. तारीख चार-पाच दिवसांपलीकडे चुकत नाही.

फोंड्याहून (धागाकर्ती)

काल संध्याकाळी तीनातलं एक रोप गेलं. बुंध्याचा तुकडा कापला आणि नातवाच्या दुधाच्या ग्लासात धरून बसले. नातू शेजारी. पाच मिनिटं झाली असतील, ‘आजी, धूर’, असं म्हणाला तो. पांढरा धागा सरळ खाली उतरत होता.

म्हणजे चार वर्षं मी बुरशीवर औषध घालत होते, आणि वरच्या वाफ्याचं पाणी खालच्यात सोडत होते, कारण तसं सोयीचं होतं. आज गड्याला सांगून मधे चर काढून घेतला. उरलेली दोन रोपंही उपटून जाळली. त्या वाफ्यात सदाबहार चवळी जाईल, पेडण्याच्या दादांनी मूठभर बी पाठवायचं कबूल केलंय. जिप्समच्या पिशवीत अजून अर्धं शिल्लक आहे, देशावर कुणाचं शेत असेल तर घेऊन जा.

आणि मडगावच्या ताई, त्या समासातल्या पानांचे फोटो काढून टाकाल का? क्रोटनांचे. गुलाबांचेही चालतील.