२५ चॅनल मोकळे, तरी व्हिडिओ कॉल लागत नाही

रात्रपाळी:
आमच्याकडे एक पीआरआय आहे, म्हणजे एक्स्चेंजकडून आलेली, एकाच वेळी अनेक कॉल नेणारी आयएसडीएन डिजिटल टेलिफोन लाइन (ट्रंक), ई१ प्रकारची. तिच्यात ० ते ३१ असे स्लॉट: ३० चॅनल कामाचे, स्लॉट १६ वर सिग्नलिंग (कॉल जोडण्या-तोडण्याचे निरोप), शून्यावर सिंक (दोन्ही टोकांची वेळ जुळवणं). (आयएसडीएन अजून कोण वापरतं, असं कृपया विचारू नका. मी वापरते. जे आहे ते चालू ठेवायचा पगार मिळतो.) याच ट्रंकवरून व्हिडिओ कॉन्फरन्सचा ३८४ केबीपीएसचा कॉल जातो, एच-झिरो, म्हणजे एका कॉलला सहा चॅनल. रात्री कधीही लावा, पहिल्या झटक्यात लागतो. सकाळी अकराची मीटिंग असली की कॉज ३४, चॅनल उपलब्ध नाही. साहेब मागे उभे आणि स्क्रीन काळी.

काल कॉल पडला त्याच क्षणी मी स्टेटस कागदावर उतरवून घेतला. गुंतलेले स्लॉट ३, ९, १५, २२, २८. बस, पाचच! हवेत सहा, मोकळे पंचवीस, आणि एक्स्चेंज म्हणतं जागा नाही. मेंटेनन्सवाल्याने कागदाकडे न बघताच "आणखी एक ट्रंक घ्या" म्हणून सांगितलं. माझं गणित कुठे चुकतंय?

जुना_ट्रंकवाला:
एकूण मोकळे मोजू नका, सलग मोकळे मोजा. तुमच्याच कागदावर बघा: १-२, मग ४ ते ८, १० ते १४, १७ ते २१, २३ ते २७, शेवटी २९ ते ३१. सगळ्यात मोठा तुकडा पाचाचा. फ्लोटिंग, म्हणजे कुठूनही सुरू होणारे सहा सलग, ठेवलं तरी सहा सापडणार नाहीत. फिक्स्ड असेल तर गट ठरलेले: १-६, ७-१२, १३-१५ आणि १७-१९, २०-२५, २६-३१. पाच गट, आणि प्रत्येकात तुमचा एकेक व्हॉइस कॉल ठाण मांडून बसलाय.

गंमत म्हणजे चार व्हॉइस कॉल कसेही विखुरले तरी सहाचा एक तुकडा उरतोच, कारण २६ मोकळे चॅनल जास्तीत जास्त पाच तुकड्यांत वाटले जातात. घात करतो तो पाचवा. पण पाच कॉल इतके मापून विखुरलेत म्हणजे हंटिंग (मोकळा चॅनल शोधायची पद्धत) सायक्लिकल असणार, दर वेळी मागच्याच्या पुढचा चॅनल घेणारं. बघून सांगा.

बिटबिट:
सलगचा हट्ट कशाला? फ्लेक्सिबल करा, कुठलेही सहा उचलू दे.

जुना_ट्रंकवाला:
करता येतं, पण पलीकडच्या एक्स्चेंजलाही तो विखुरलेला नकाशा मान्य हवा. शिवाय सहाही स्लॉट एकाच वाटेने, एकाच उशिराने पोचले पाहिजेत. एक चॅनल एक फ्रेम (सगळ्या स्लॉटची एक फेरी) मागे पडला की बाइटांचा क्रम गेला, चित्राचा चिवडा. बाँडिंग वेगळं: त्यात ६४ केबीपीएसचे सहा साधे कॉल लागतात, उशीर टोकाची यंत्रं जुळवतात, सलग जागा लागत नाही. मात्र जुळायला वेळ जातो आणि बिल सहा कॉलचं.

रात्रपाळी:
सायक्लिकलच निघालं! आधीच्या माणसाने शेरा लिहून ठेवलाय, "सर्व चॅनल समान वापरले जावेत." जणू झिजणारच होते.

जुना_ट्रंकवाला:
त्यांना हसू नका, एखादा चॅनल खराब असला की सायक्लिकलमुळे दर कॉल त्याच्यावरच आदळत नाही. पण तुमच्या कामाला ते नको. व्हॉइस वरून खाली शोधू द्या, ३१ पासून. रुंद कॉल, म्हणजे सहा चॅनलचा व्हिडिओ, खालून वर, १ पासून. व्हॉइस कॉल संपला की वरचंच भोक आधी भरतं, खालचा पट्टा साफ राहतो. आणि हे अर्धंच काम आहे. येणाऱ्या कॉलचा चॅनल तुम्ही नाही, पलीकडचं एक्स्चेंज निवडतं. त्यांनाही वरून खाली यायला सांगा. दोघांनी एकाच वेळी एकच चॅनल धरला तर नेटवर्ककडून येणारा कॉल जिंकतो. तुमचा व्हॉइस कॉल 'प्रेफर्ड' (हा चॅनल मिळाला तर बरा) असेल तर त्याला दुसरा चॅनल मिळतो, 'एक्स्क्लुझिव्ह' (हाच चॅनल हवा) असेल तर पडतो.

बिटबिट:
त्यापेक्षा २६-३१ व्हिडिओसाठी राखूनच ठेवा ना.

जुना_ट्रंकवाला:
हिशेब करून बघा. एक टक्का ब्लॉकिंग, म्हणजे जागा नसल्याने शंभरात एक कॉल परत, धरलं तर ३० चॅनलवर साधारण २०.३ अर्लांग (सरासरी एकाच वेळी चालणाऱ्या तितक्या कॉलचा भार) मावतात, २४ वर १५.३. आठवड्यातून दोन मीटिंगांसाठी पाव क्षमता कुलुपात. मी तरी करणार नाही.

रात्रपाळी:
आठवडा झाला. आमची बाजू त्याच दिवशी बदलली, तरी ३ आणि ९ वर कॉल बसतच होते, सगळे बाहेरून आलेले. पलीकडून सर्वांत खालचा मोकळा चॅनल उचलत होते. फोन केला. "स्लॉट २२ वर कालपासून एकच कॉल अडकलाय, तोही बघा," म्हटलं. ते म्हणाले, "२२ मोकळा आहे, अडकलाय तो २१." दहा मिनिटं वाद. मग लक्षात आलं, ते १६ गाळून १ ते ३० मोजतात, मी स्लॉटचे नंबर वाचत होते. चॅनल एकच! अडकलेला कॉल आमच्याच मीटिंग रूममधला निघाला, स्पीकरफोन कोणी बंदच केला नव्हता.

आज अकराला नऊ व्हॉइस कॉल चालू होते, सगळे २२ च्या वर. एच-झिरो १ ते ६ वर बसला. साहेबांची तक्रार आता फक्त आवाजाची आहे, त्यासाठी वेगळा धागा काढते.