कोकणातल्या दमट हवेत दाट, कुरळ्या केसांची निगा कशी राखावी?

प्रश्न: घाटावरची, मालवण

माझे माहेर सांगलीचे; दीड वर्षापूर्वी लग्न होऊन मी मालवणात आले. माझे केस दाट, निम्म्या पाठीपर्यंत येणारे आणि मुळापासून कुरळे आहेत. ओल्या बटेला करंगळी लावली तर बट तिच्याभोवती आपसूक वळून बसते, इतके कुरळे. सांगलीला आठवड्यातून दोनदा केस धुऊन कंडिशनर आणि थोडे जेल लावले की दोन-तीन दिवस बटा सुट्या आणि नीटनेटक्या राहत असत. शाम्पू तोच, जेल तेच, लावणारे हातही तेच. पण इथे सकाळी आवरून शाळेत पोहोचेपर्यंत (मी प्राथमिक शाळेत शिकवते) वरचे केस पिंजलेल्या कापसासारखे फुलतात आणि वर्गात उभी असताना माझे अर्धे लक्ष कपाळावर आलेल्या केसांकडे जाते. पावसाळ्यात वेणी आतून वाळतच नाही. संध्याकाळी सोडली की कुबट वास येतो. मे महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ झाले की केस धुऊनही चिकट लागतात.

सासूबाई मायेने सांगतात की रोज तेल चोपडून घट्ट वेणी घालावी. तसे केले तर केस बसतात, पण टाळूला खाज सुटते आणि कोंडा होतो. एका पार्लरमध्ये विचारले तेव्हा, इथल्या हवेत कुरळे केस सांभाळणे जमायचे नाही, सरळ करून घ्या, असे उत्तर मिळाले. मला केस सरळ करायचे नाहीत. माझ्या आईचे आणि आजीचे केसही असेच होते आणि मला ते आवडतात. किनाऱ्यावर राहून ज्यांनी असे केस सांभाळले आहेत, त्यांनी कृपया नेमके काय करावे ते सांगावे.

उत्तर: अबोली, रत्नागिरी

ताई, तुमचे केस बिघडलेले नाहीत. हवा बदलली आहे, आणि सांगलीची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. माझे केसही असेच आहेत आणि जन्म किनाऱ्यावरच गेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

केसातील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. गंधकाचे बंध पक्के असतात, ते पाण्याने सुटत नाहीत. हायड्रोजन बंध मात्र पाणी लागताच सुटतात आणि केस ज्या आकारात वाळेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपल्यावर सकाळी केस नागमोडी दिसतात ते यामुळेच. कोरड्या हवेत एकदा जुळलेले हे बंध पुढच्या धुण्यापर्यंत बऱ्यापैकी टिकतात. आपल्याकडे हवेतला दमटपणा दिवसभर केसात शिरत राहतो, बंध थोडे थोडे सुटून वाटेल तसे जुळतात, प्रत्येक केस आपापल्या दिशेला वळतो आणि बट मोडते. गरम प्रेसने सरळ केलेले केस इथे तासाभरात पुन्हा वळू लागतात, त्याचेही कारण हेच आहे.

आता तुमच्या जेलची बाटली हातात घ्या आणि मागची घटकांची यादी वाचा. पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन असेल, तर तुमचा निम्मा त्रास तिथे आहे असे मला वाटते. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते. बेताच्या हवेत त्याने केस मऊ राहतात, पण जुलैतल्या मालवणात ते केसात इतके पाणी ओढते की केस फुगून पिंजारतात. पावसाळ्यापुरते तरी ग्लिसरीन नसलेले, वाळल्यावर केसांवर कडक पापुद्रा धरणारे जेल घ्या.

घटकांइतकेच महत्त्व ते लावण्याच्या वेळेला आहे. बहुतेक जणी केस टॉवेलने खसखसून पुसतात, अर्धवट वाळू देतात आणि मग जेल लावतात; तोवर बटा सुटून गेलेल्या असतात. न्हाणीघरातच, केसांतून पाणी निथळत असताना कंडिशनर लावून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर येत गुंता सोडवावा. त्यानंतर पुढच्या धुण्यापर्यंत कंगवा केसाला लावू नये, वाळलेल्या केसांना तर मुळीच नाही. कंडिशनर धुऊन टाकल्यावर केस तसेच थबथबलेले असताना खाली वाकून जेल लावावे आणि टोके ओंजळीत घेऊन मुळाकडे दाबावीत. योग्य प्रमाणात पाणी आणि जेल असेल तर दाबताना पचपच असा आवाज येतो. तो येत नसेल तर आणखी पाणी घ्यावे. मग जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा पलंगावर पसरून त्यावर केस अलगद गोळा करावेत आणि पंचा डोक्याभोवती पंधरा-वीस मिनिटे बांधावा. टॉवेलचे लूप केसात अडकतात, पंच्याचे विणकाम सपाट असते. त्यानंतर केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मला हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण हात आपोआप केसांकडे जातो. वाळल्यावर केस कडक लागतील. तळहातावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून बटा मुठीत हलकेच दाबल्या की कडकपणा जातो आणि बट तशीच राहते.

बाजारचे जेल नको असेल तर घरी जवसाचे करता येते. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवावेत. सात-आठ मिनिटांनी पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे होते आणि पळीवरून तार धरते. त्याच क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे. थंड झाले तर गाळता गाळता जीव जातो. फ्रिजमध्ये ते आठवडाभर टिकते.

वेणीच्या कुबट वासाबद्दल: ओले केस कधीही बांधू नका. तुम्हाला शनिवारी सकाळची शाळा असेल तर त्या दिवशी दुपारी केस धुवावेत, म्हणजे रात्रीपर्यंत वाळायला वेळ मिळतो. पूर्वी आमच्याकडे पावसाळ्यात न्हाल्यावर शेगडीवर ऊद टाकून केसांना धुरी देत असत. केस वाळत, पण धूर छातीत जाई. आता ड्रायरला डिफ्यूझर (हवेचा झोत पसरवणारे रुंद तोंड) लावून कमी उष्णतेवर मुळे तेवढी वाळवली तरी पुरते. रात्री केस डोक्याच्या अगदी वर सैल बुचड्यात घ्यावेत आणि जुन्या रेशमी साडीचा अभ्रा उशीला घालावा.

उत्तर: खाडीकाठ, दाभोळ

अबोलीताईंनी हवेबद्दल लिहिले आहे, मी पाण्याबद्दल लिहितो. माझ्या दोन्ही मुलींचे केस कुरळे आहेत आणि त्यांची आई गेल्यापासून ते काम माझ्याकडे आहे.

उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी खाली गेली आणि उपसा चालूच राहिला की किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारे पाणी झिरपते. त्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षारही येतात. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट साबण आणि क्षार मिळून पांढरट, चिकट थर तयार होतो आणि तो केसावर बसतो. तुम्हाला मे महिन्यात जाणवते ते बहुधा हेच असावे. त्या दिवसांत साबण किंवा साबणाची वडी केसांना अजिबात लावू नये. आम्ही नळाचे पाणी येते त्या दिवशी दोन बादल्या केसांसाठी बाजूला भरून ठेवतो आणि निदान शेवटचे पाणी तरी त्यातले घेतो. पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप ठेवतो. पहिल्या काही सरींनी कौले धुऊन निघू द्यावीत, मग पाणी धरावे. या पाण्यात शाम्पू निम्मा लागतो.

तेलाबाबत तुमच्या सासूबाईंचे निम्मे म्हणणे बरोबर आहे, फक्त जागा आणि वेळ बदलावी. कुरळ्या केसांत टाळूचे नैसर्गिक तेल वळणांमुळे टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून टोके कोरडी आणि टाळू तेलकट अशी स्थिती असते. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते. रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. त्यांत केसातील प्रथिनांची झीज कमी करणारे खोबरेल तेलच ठरले. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री किंवा दोन तास आधी केसांच्या लांबीला आणि टोकांना तेल लावावे. टाळूवर मात्र रोज चोपडू नये. कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया ही बुरशी टाळूवरच्या स्निग्धांशावरच जगते, आणि दमट हवेत घट्ट वेणीखाली तिला आयतेच मिळते. टाळूला तेल बंद करून तीन-चार आठवड्यांत खाज गेली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

जवसाच्या जेलबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवस-दिवस जाते, फ्रिज बंद पडतो आणि ते जेल आंबते. त्यापेक्षा परसातल्या जास्वंदीची दहा-बारा पाने तांब्याभर पाण्यात हाताने चुरगळून गाळून घ्यावीत. जो बुळबुळीत रस निघतो तो शाम्पूनंतर केसांना चोळून पाच मिनिटांनी धुवावा. गुंता बोटांनी सुटतो. रोज ताजे करता येते आणि खर्च काहीच नाही. जेलसारखी पकड मात्र त्याला नसते, हेही खरे.

उत्तर: वाशिष्ठी, चिपळूण

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून फक्त सरळ करण्याविषयी लिहिते. अशा काही उपचारांत वापरल्या जाणाऱ्या द्रवातून गरम प्रेस फिरवताना फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो, मग बाटलीवर ते नाव असो वा नसो. मिथिलीन ग्लायकॉल हे नाव दिसले तरी अर्थ तोच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. बंद, लहान खोलीत रोज हे काम करणाऱ्या मुलींना त्याचा धोका गिऱ्हाइकापेक्षा जास्त आहे, आणि त्यांना कोणी हे सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते. शिवाय मुळातून येणारा नवा केस कुरळाच येतो, त्यामुळे काही महिन्यांत पुन्हा तेच करावे लागते.

घाटावरची, मालवण (महिन्यानंतर)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. माझ्या जेलमध्ये ग्लिसरीन दुसऱ्या क्रमांकावर होते. ते बदलले, केस निथळत असताना जेल लावू लागले आणि टाळूचे तेल थांबवले. खाज दुसऱ्या आठवड्यात कमी झाली. पहिल्या दोन वेळा मी जेल फार कमी घेतले होते. तिसऱ्यांदा पचपच आवाज येईपर्यंत पाणी घेतले आणि त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत बटा टिकल्या. चौथीतल्या एका मुलीने, तिचेही केस कुरळे आहेत, मला मधल्या सुट्टीत विचारले की बाई, माझे असे होतील का. तिच्या आईला मी पंच्याची पद्धत दाखवून आले. सासूबाई आता रविवारी माझ्या केसांच्या टोकांना तेल लावून देतात.

एकच शंका उरली आहे. चैत्रात नणंदेचे लग्न आहे आणि मला सुरंगीचा वळेसर (गजरा) माळायचा आहे. कुरळ्या केसांवर तो टिकावा म्हणून केस कसे बांधावेत?

अबोली, रत्नागिरी

केस आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशी धुतलेले केस फार सुळसुळीत असतात. कानापासून कानापर्यंतचे पुढचे केस कंगवा न लावता बोटांनी मागे घ्या, मानेवर सैल अंबाडा बांधा आणि कपाळाजवळच्या दोन बटा तशाच सोडा. वळेसर अंबाड्याच्या वरून न गुंडाळता बुडाशी फिरवावा आणि आकडे केसांच्या वळणात आडवे खुपसावेत. कुरळा केस आकडा चांगला धरतो, सरळ केसांवर तो घसरतो. वळेसर पहाटे कळ्यांचाच घ्या. उमललेली सुरंगी दुपारपर्यंत गळून जाते.