मदत हवी आहे : चिपळूणचं घर, पूर आला तर वर, वादळ आलं तर खाली, दोन्ही आलं तर?

मी पुण्यात, आईबाबा चिपळुणात, पेठमापला. कमी दाबाचं क्षेत्र कोकणाकडे सरकतंय, उद्यापासून रत्नागिरी जिल्ह्याला रेड अलर्ट, त्यात परवा अमावास्या, म्हणजे उधाण. चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको.

घर दुमजली. खाली जांभ्याच्या भिंती, वरच्या दोन खोल्यांवर पत्रे. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी शिरलं तेव्हा दोघं वर गेली म्हणून निभावलं. वाशिष्ठी, शिवनदी आणि समोरून उधाण (गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती), पाणी ओसरेचना. खाली फ्रिज उताणा तरंगत होता. चिखलाची रेघ स्विचबोर्डाच्या हातभर वर; रंग काढताना बाबांनी ती मुद्दाम ठेवलीय. पण त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, 'निसर्ग' चक्रीवादळात वरचेच चार पत्रे उडून शेजाऱ्यांच्या परसात पडले होते. तेव्हा दोघं खाली देवघरात बसून होती.

आत्याचं घर स्लॅबचं आणि उंचावर आहे, पण मागे डोंगर कापलेला. २०२१ मध्येच खेडच्या पोसऱ्यात दरड कोसळली होती, त्यामुळे तिकडे पाठवायलाही हात धजत नाही. आईचे गुडघे असे की काळोखात जिना चढायचा म्हणजे दहा मिनिटं. बाबा म्हणतात, "मी कुठे जात नाही."

कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं तर पेठमापपर्यंत खबर वेळेवर येते का? आणि अशा वेळी तुम्ही कुठे थांबता?

प्रतिसाद १ : दादा, खबरीच्या भरवशावर राहू नका. २०२१ ला आम्ही जागे झालो तेव्हा ओटी बुडाली होती. तुमच्या आळीत पहिल्या मजल्यावर स्लॅब असलेलं कोणी नाही का? आजच, उजेडात जा. मेन स्विच बंद, सिलिंडर बांधून ठेवा, नाहीतर तरंगत जातो.

प्रतिसाद २ : आत्याकडे नकोच. कापलेल्या डोंगरात पाणी मुरलं की तो कधीही खाली येतो. बाबांना जा म्हणू नका, आईला सोडायला चला म्हणा.

धागाकर्ता : दुसरी युक्ती लागू पडली. चार घरं सोडून जोशीकाकूंकडे स्लॅब आहे, आई दुपारीच गेली. बाबा "आलोच" म्हणून आंब्याच्या पेट्या वर चढवतायत. पत्र्यांखाली. आता फोनही उचलत नाहीत.