आजोबांच्या पत्रिकेतला 'मुंबई टाइम'

आजोबांच्या पत्रिकेत जन्मवेळेपुढे 'मुंबई टाइम' का, असं एकानं विचारलंय. १ जानेवारी १९०६ला प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबई महापालिकेनं स्थानिक वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. हाच 'मुंबई टाइम', प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वे आणि तारखातं मात्र प्रमाणवेळेवर, त्यामुळे गाडी गाठायची तर हिशेब करूनच निघायचं!

याला नुसता हट्ट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. घड्याळ पुढे गेलं की गिरणीचा भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार, तोही ऐन थंडीत, उजाडण्याआधी. त्याच जानेवारीत गिरणी कामगार यावरून संपावर गेले, दगडफेकही झाली. हे शाळेत शिकवायलाच हवं होतं. पत्रिका नव्यानं मांडताना त्या वेळेत ३९ मिनिटं नक्की मिळवा, नाहीतर लग्नरास (जन्मावेळी पूर्वेला उगवत असलेली रास) चुकू शकते.