लिनक्सवर इफकॉन्फिग शिकवणं आता बंद करायला हवं का?

केबलवाला:
नवीन मुलं सर्व्हरवर बसली की पहिला हात इफकॉन्फिगवर, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता बघायच्या-बदलायच्या जुन्या कमांडवर जातो, कारण कॉलेजच्या जर्नलमध्ये तेच असतं. माझ्या मते लिनक्सपुरतं तरी हे थांबवा. ही कमांड १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीची. डेबियन ९ या लिनक्स आवृत्तीने २०१७ मध्येच नेट-टूल्स, म्हणजे इफकॉन्फिग ज्यात येतं ते पॅकेज, डीफॉल्टमधून काढलं. मग 'कमांड नॉट फाउंड' आलं की पोरं ते इन्स्टॉल करायला धावतात. अरे, नेटवर्कच बंद आहे, इन्स्टॉल कुठून करणार?

त्याहून वाईट म्हणजे तिच्या जागी आलेल्या 'आयपी' कमांडने, लेबल (पत्त्याला द्यायचं नाव) न देता, त्याच कार्डाला दुसरा आयपीव्ही४ पत्ता जोडा. इफकॉन्फिगला तो दिसतच नाही! एक पत्ता दिसला की माणूस खूश, आणि डुप्लिकेट आयपीचा (एकच पत्ता दोन मशीनना) घोळ शोधण्यात अख्खी दुपार जाते.

जुनं_खोड:
बंद कशाला? मॅक आणि फ्रीबीएसडीवर आजही इफकॉन्फिगच चालतं. जग म्हणजे फक्त लिनक्स नव्हे. आणि सगळे पत्ते दाखवणाऱ्या 'आयपी ए'चं आउटपुट बघितलंत का कधी? डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असलेल्या मशीनवर तर व्हीईथच्या, म्हणजे आभासी कार्डांच्या, रांगेत आपलं कार्ड हुडकावं लागतं.

केबलवाला:
'आयपी -बीआर ए' मारा. एका कार्डाला एक ओळ. तक्रार संपली.

रूटकॉज:
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. 'आयपी'ने दिलेला पत्ता रीबूटनंतर राहतो का? नाही. सर्व्हर महिनोन्महिने चालू असतो, पॅच करून रीस्टार्ट केला की पत्ता गायब, आणि तोवर तो कोणी दिला होता हे कोणालाच आठवत नाही. रेड हॅट लिनक्सवर काम करायचं असेल तर एनएमसीएलआय, म्हणजे नेटवर्कमॅनेजरची कमांड, शिकवा. 'कनेक्शन मॉडिफाय' केलं की बदल प्रोफाइलमध्ये, म्हणजे जतन केलेल्या सेटिंगमध्ये, लिहिला जातो. मात्र तो लगेच लागू होत नाही, 'कनेक्शन अप' करावं लागतं. इथेच बरेच जण फसतात.

जुनं_खोड:
आणि एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या लॉगिनवरून, 'अप' केलं, त्यात गेटवेचा (बाहेरच्या वाटेचा) आकडा चुकला, की बसा बोंबलत! सेशन गेलं, आता कन्सोलसाठी (मशीनच्या थेट स्क्रीनसाठी) डेटा सेंटरला फोन. उबुंटूचं 'नेटप्लॅन ट्राय' बरं. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं सेटिंग परत येतं. तुमच्या एनएमसीएलआयला जमतं का हे?

रूटकॉज:
नव्या आवृत्त्यांत जमतं. 'डिव्हाइस चेकपॉइंट' लावून त्याच्या आत कमांड चालवा. ठरलेल्या वेळात होकार दिला नाही तर आपोआप मागे फिरतं. जुन्या आवृत्तीवर मात्र तुमचं म्हणणं खरं, तिथे कन्सोल उघडा ठेवल्याशिवाय 'अप' करू नये.

केबलवाला:
चेकपॉइंट मान्य. पण पत्ता लावायच्या आधी आहे तो नीट दिसला पाहिजे, आणि माझा मूळ मुद्दा तोच होता.

नवखा_ॲडमिन:
सर, हे सगळं ठीक आहे, पण मुलाखतीत अजून इफकॉन्फिगच विचारतात. तिथे 'आयपी ए' सांगितलं तर मार्क मिळतात का कापतात?