19 माणसं, एक मोरी आणि गेल्या वर्षीचं पातेलं

मधलीसून:
यंदा गणपतीची पाळी आमची. गाव संगमेश्वर तालुक्यात. घर एकच, गणपती बसतो तोही एकाच जागी, पण खर्च आणि करणं-सवरणं तिघा भावांत पाळीनं फिरतं. चतुर्थी 14 सप्टेंबरला, म्हणजे गौरी जाईपर्यंत घरात 19 माणसं. त्यात पाच पोरं, 78 वर्षांच्या सासूबाई (गुडघे गेलेले, आवाज शाबूत) आणि सगळ्यांत मिळून एक मोरी, एक संडास.

माझा प्रश्न स्वयंपाकाचा नाही, भांडणाचा आहे. गेल्या वर्षी गौरीपूजनाच्या दिवशी वन्सं दुपारी न जेवता पिशवी उचलून एसटी स्टँडवर गेल्या. कारण काय, तर एक पातेलं. पितळी, मोठं, वड्यांचं पीठ भिजवायचं. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या ते त्यांच्या माहेरचं, वन्सं म्हणाल्या आईचं. पीठ तसंच आंबत राहिलं आणि संध्याकाळच्या आरतीला कोणी एकमेकांकडे बघेना.

शिवाय दुसरं एक आहे. आमची गौर तेरड्याची, तिला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण-वडे. गणपती आणि गौर यांच्यामध्ये पडदा धरतात, मग दाखवतात. मोठ्या जाऊबाईंनी तीन वर्षांपूर्वी माळ घातली. त्यांना आता तिखट बंद करायचंय. सासूबाई म्हणतात, "गौर माहेराक आलीय, तिका काय खायचा ता ती ठरवील." मी दोघींच्या मधे.

बदलापूरहून जाणार आहोत, तिकिटं आहेत. डोकं ठिकाणावर राहील असं काहीतरी सांगा.

चुलीपुढची:
चाळीस वर्षं गौरी केल्यात, त्यातून सांगते. भांडण लागतं ते दुपारी बारा ते दोन, भुकेल्या पोटी आणि चार बायका एका शेगडीपुढे असताना. म्हणून सकाळी नऊला सगळ्यांना भरपेट न्याहारी. पोहे नाहीत, भाकरी-उसळ. नैवेद्याआधी खायचं नाही हा नियम उपास धरणाऱ्यांना लावा, सरसकट सगळ्यांना नको.

मोदकांचा हट्ट सोडा. एका वाटी पिठीत नऊ-दहा मोदक होतात. 19 माणसांना तीन-तीन धरलेत तर सहा वाट्यांची उकड. म्हणजे दोघीजणी सकाळभर बोटं भाजून घेणार आणि तिसरी "किती वेळ लागतो गं" म्हणणार. नैवेद्याचे 21 करा, बाकी पानात एकेक वाढा. वर खीर.

मागच्या पडवीत चूल मांडता येते का? तिखटाचं सगळं तिकडे. भांडी, विळी, पळी, सगळं वेगळं. माळकरी बाईनं तिकडे पाऊल टाकायचं कारण नाही, आणि तिला तिकडचं काही दिसायचंही कारण नाही. आमच्याकडे सोळा वर्षं हेच चाललंय. वाडीतल्या एखादीला भांड्यांसाठी चार दिवस लावा, तिचे पैसे पाळीच्या खर्चात. खर्चाची वही दाराजवळ दोरीनं टांगा, पेन बांधून. सजावटीवर कोणी किती घातले हे मग कोणाला तोंडानं सांगावं लागत नाही.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडे महालक्ष्म्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. मटण ऐकूनच आजी खाटेवरून उठून बसली असती. मला वाटते तिखट बंदच करून टाका, एक कटकट कमी.

चुलीपुढची:
का म्हणून? तुमच्या महालक्ष्मीला कोणी सांगितलं आंबील बंद कर, तर चालेल? ज्या घरचा जो कुळाचार.

वऱ्हाडी ठेचा:
हे बरोबर आहे. मागे घेतो. पण पुरुष मंडळी काय करतात ते लिहिलंच नाही ताईंनी.

मधलीसून:
पत्ते.

ओटीवरचा (निवृत्त तलाठी):
मी एवढंच विचारतो. पातेल्यावरून कोणी न जेवता एसटी धरत नाही. आदल्या रात्री काय झालं होतं?

कोकणात आयुष्य काढलं. सातबारा जागरणाच्या रात्रीच बाहेर निघतो, कारण वर्षातून तेवढेच चार दिवस सगळे भाऊ एका छपराखाली असतात. भजन संपतं, चहा येतो आणि कोणीतरी म्हणतो, "आता सगळे हायत तर..."

मधलीसून:
तुम्हाला कसं कळलं माहीत नाही.

हो. आदल्या रात्री मोठ्या भावोजींनी वन्संपुढे कागद ठेवला होता. हक्कसोडीचा. "नुसती सही, औपचारिकता" म्हणाले. वन्संनी सही केली नाही, बोलल्याही नाहीत, चहाचा कप उचलून आत गेल्या. मी मोरीपाशी उभी होते, मला तो कप विसळताना दिसला. एकच कप, कितीतरी वेळ विसळत होत्या. सकाळी पातेलं झालं. मी वर हे लिहिलं नाही, कारण मला स्वतःलाच ते पातेल्याचं भांडण वाटत होतं, किंवा तसं वाटून घेणं सोपं होतं.

ओटीवरचा (निवृत्त तलाठी):
मग ऐका. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानंच हिस्सेदार आहे. हा कायदा 9 सप्टेंबर 2005 पासून लागू, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्या तारखेला बाप हयात असायलाच हवा असं नाही. ज्याला हक्क सोडायचाय त्यानं खुशीनं, दुय्यम निबंधकाकडे जाऊन, नोंदवून सोडावा. रात्री अकराला ओटीवर घेतलेल्या सहीनं फक्त माणूस तुटतो.

विषय काढूच नका, असं मी म्हणणार नाही. दाबलेला विषय मोदकाच्या उकडीसारखा झाकण उडवतो. तुमच्या यजमानांना सांगा, भावाला गावी जाण्याआधी फोन करून म्हणा: गणपतीत कागद निघणार नाही. बोलायचंय तर दिवाळीनंतर मुंबईत, चौघं बसून, बहीण धरून. हे त्यांनी बोललं पाहिजे, तुम्ही नव्हे. जावेनं बोललं की त्याचं पुन्हा पातेलं होतं.

चुलीपुढची:
तलाठी साहेबांना माझा नमस्कार. आणि ताई, वन्संना बोलावणं तुम्ही करा. ग्रुपवर नको, फोननं. माहेरवाशिणीला कोणी "ये" म्हटलं नाही तर ती कशी येणार? गौर काय आणि ती काय.

मधलीसून:
आठवड्यानं लिहितेय. ह्यांनी भावोजींना फोन केला. दोन दिवस लागले धाडस करायला. मी शेजारी उभी राहून भाजी निवडत होते, उगाच. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग "बरं" एवढंच. त्या "बरं"मध्ये राग होता की सुटका, ह्यांनाही सांगता येत नाही.

मोठ्या जाऊबाई पडवीतल्या चुलीला तयार आहेत. अट एक, पडदा त्या धरणार नाहीत. तो मी धरीन.

वन्संना मी फोन केला. सरळ म्हटलं, कागद निघणार नाही, तुम्ही या. त्यांनी पोरांची चौकशी केली, सासूबाईंच्या गुडघ्याची केली. मग विचारलं, "पातेला खय हा?"

म्हटलं, घासून माळ्यावर ठेवलंय.

"चिंचेन घासलंस? पावडरीन काळा पडता."

तिकीट काढलंय त्यांनी. 60 दिवस आधीचं बुकिंग केव्हाच संपलं, त्यामुळे वेटिंग आहे, 41. नाही झालं तर एसटीनं येते म्हणाल्या.